ठिपक्यांमागून आलेला मुतखडा

मिरजेच्या मित्राकडची डॉली व्याली तेव्हा त्याचा फोन पहाटे साडेपाचला आला. "नऊ पिल्लं झाली, पण सगळी पांढरीफटक रे. एकाचा तेवढा डावा कान काळा. आई म्हणतेय, मोतीचं नाव नको घेऊ, कोपऱ्यावरचा तो पांढरा येऊन गेला असणार." मोती म्हणजे त्याचाच डाल्मेशियन नर, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या जातीचा कुत्रा; डॉलीही त्याच जातीची. मी म्हटलं, पंधरा दिवस थांब, आणि तोवर कोपऱ्यावरच्याला कोणी दगड मारू नका.

डाल्मेशियनची पिल्लं पांढरीच जन्मतात. पहिल्यांदा पाळणाऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही, त्यामुळे दर वेताला एखाद्या घरात हा खटला उभा राहतोच.

बाराव्या दिवशी मी गेलो. खोक्यातलं एक पिल्लू उचलून मांडीवर घेतलं आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्या अंगावरून फिरवलं. केस ओले होऊन कातडीला चिकटले तसे खाली निळसर राखाडी ठिपके दिसायला लागले, टीपकागदाच्या मागच्या बाजूने शाई दिसावी तसे. वरच्या केसांत तेव्हा रंग जेमतेम होता, पाठीवर मिरीएवढे चारपाच ठिपके, बस. मित्राच्या आईंनी चष्मा लावून नीट पाहिलं, "मोतीचंच आहे गं बाई" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

त्या भेटीत माझं लक्ष खरं तर मोतीकडे होतं. तो अंगणात पेरूच्या झाडाशी एक पाय वर करून उभा होता, बराच वेळ उभा होता, आणि थेंब थेंबच होत होतं. मित्र म्हणाला, मागच्या वर्षी नळी घालून खडे काढलेत, पुन्हा तेच दिसतंय. पिल्लांचे ठिपके आणि बापाचा मुतखडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्याला वाटत होतं. त्या तशा नाहीत. हे ज्या प्रकरणातून सगळ्यात स्पष्ट दिसलं ते अमेरिकेतलं आहे, १९७३ मध्ये सुरू झालं आणि २०११ पर्यंत चाललं. ते सांगायचं तर आधी ठिपका कसा तयार होतो ते बघायला लागतं.

पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला कुत्रा, असं आपण डाल्मेशियनचं वर्णन करतो. जनुकांच्या हिशेबाने ते उलटं आहे. तो मुळात काळा (किंवा तपकिरी) कुत्रा. त्या काळ्यावर पांढऱ्याने जवळपास पूर्ण कब्जा केला आणि मग त्या पांढऱ्यातून काळ्याने ठिकठिकाणी पुन्हा डोकं वर काढलं. दोन वेगळ्या घटना, दोन वेगळ्या वेळी.

पहिली घटना गर्भातली. रंग बनवणाऱ्या पेशी कातडीत जन्मत नाहीत. भ्रूणाच्या पाठीवर, जिथे पुढे मज्जारज्जू असतो त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या मूळ पेशी तयार होतात आणि तिथून बरगड्यांवरून खाली पोटाकडे, पायांकडे, डोक्यावरून थोबाडाकडे सरकत जातात. वाटेत त्यांची संख्या वाढावी लागते, आणि त्यांनी तग धरावा लागतो. पुरवठा तुटका असेल तर सगळ्यात लांबची ठिकाणं कोरडी राहतात: छाती, पायाची बोटं, शेपटीचं टोक. आपल्या गल्लीतल्या काळ्या कुत्र्याच्या छातीवर पांढरा डाग आणि पायांत पांढरे मोजे असतात ते यामुळेच. टेलच्या शेताला कालव्याचं पाणी पोचत नाही, तसलाच प्रकार. या पुरवठ्याचा एक मोठा नियंत्रक म्हणजे विसाव्या गुणसूत्रावरचं एमआयटीएफ हे जनुक. डाल्मेशियनमध्ये त्याचं टोकाचं रूप असतं, आणि रंगपेशी जवळपास कुठेच पुरेशा पोचत नाहीत. म्हणून पिल्लू पांढरं.

"जवळपास" हा शब्द महत्त्वाचा. कधी कधी कानावर किंवा डोळ्याभोवती पेशींची एखादी टोळी वेळेत पोचते आणि ठाण मांडते. तिथे जन्मतःच भरगच्च, मऊ, काठ कापल्यासारखा स्पष्ट असा रंगाचा चट्टा असतो. मिरजेच्या नवव्या पिल्लाचा काळा कान हा असा चट्टा होता. ठिपका नव्हे.

दुसरी घटना जन्मानंतरची. पांढऱ्या राहिलेल्या कातडीत थोड्याथोडक्या रंगपेशी उशिरा कामाला लागतात आणि आसपासच्या केसांच्या मुळांना रंग पुरवायला लागतात. आधी कातडी काळी होते, मग तिच्यातून उगवणारा केस. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी हे नजरेला पडतं, पहिले काही आठवडे भराभर वाढतं, आणि पुढे कित्येक महिने बारीक नवे ठिपके येत राहतात. तीन आठवड्यांच्या पिल्लाचा फोटो पाहून "याला ठिपके कमी आहेत" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणूनच परत पाठवावं.

हे पांढऱ्यात रंग भरणं फक्त डाल्मेशियनचं नाही. पॉइंटर, सेटर, स्पॅनियल या शिकारी जातींच्या पांढऱ्या भागात मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक टिंब असतात. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगमध्ये तर रंगीत आणि पांढरे केस इतके मिसळतात की सगळा कुत्रा निळसर राखाडी दिसतो, आणि त्याचीही पिल्लं पांढरी जन्मतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांनी या सगळ्याचं मूळ अडतिसाव्या गुणसूत्रावर, यूएसएच२ए या जनुकाच्या जागेत असल्याचं दाखवलं. म्हणजे पॉइंटरची मिरपूड आणि डाल्मेशियनचा ठसठशीत ठिपका ही एकाच घराण्यातली भावंडं. फरक ठिपक्याच्या आकाराचा, गोलाईचा आणि सुटेपणाचा. तो फरक करणाऱ्या जास्तीच्या गोष्टी डाल्मेशियनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवडून साठवल्या गेल्या. आणि एक: ही मिरपूड दिसायला खाली पांढरं लागतं. अंगभर काळ्या कुत्र्याकडे हे जनुक असलं तरी कळणार नाही, काळ्या पाटीवर काळ्या खडूने लिहिल्यासारखं.

(इथे एक गल्लत नेहमी होते. हार्लेक्विन ग्रेट डेनचे फाटक्या काठांचे काळे तुकडे वेगळ्याच वाटेने येतात. तिथे मर्लचं (रंग ठिकठिकाणी फिका करणारं) जनुक आणि त्यावर हार्लेक्विनचं जनुक अशी जोडी असते, आणि ते तुकडे जन्मापासून दिसतात. "डाल्मेशियन-डेन क्रॉस आहे" म्हणून कोणी हार्लेक्विन पिल्लू विकायला आणलं तर समजून जावं. आणि आपल्याकडच्या देवणी गाईंमधल्या पांढऱ्यावर काळे ठिगळ असलेल्या शेवऱ्याचा किंवा बांड्या डांगी बैलाचाही डाल्मेशियनशी संबंध जोडू नये. ते ठिगळ वासरू उभं राहतं तेव्हाच अंगावर असतं.)

आता मूळ प्रकरण.

प्रदर्शनातल्या डाल्मेशियनकडून हवं असतं ते साधारण असं: अंगावरचे ठिपके दोनतीन सेंटिमीटरचे, गोल, काठ स्पष्ट, एकमेकांत न मिसळलेले, आत पांढरे केस नसलेले. ठिपक्यांची रांगोळी घालताना ठिपका पसरला की कसा जीव जातो, तसंच परीक्षकाचं. शंभरहून जास्त वर्षं या एका गोष्टीसाठी निवड झाली. आणि त्याच काळात एक दुसरी गोष्ट जातीभर पसरून पक्की झाली, जिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण ती रिंगणात दिसत नाही.

बहुतेक कुत्रे शरीरातलं युरिक ॲसिड यकृतात मोडून त्याचं सहज विरघळणारं ॲलँटॉइन करतात. दिवसाला लघवीतून त्यांचं युरिक ॲसिड जातं १० ते ६० मिलिग्रॅम. डाल्मेशियनचं जातं ४०० ते ६०० मिलिग्रॅम. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली बेनेडिक्ट यांनी हे १९१६ मध्येच मांडलं होतं. गंमत म्हणजे डाल्मेशियनच्या यकृतात मोडतोड करणारं एन्झाइम व्यवस्थित असतं. युरिक ॲसिडला पेशीच्या आत नेणारा दरवाजाच बिघडलेला असतो. मूत्रपिंडातही तोच बिघाड, त्यामुळे तिथून ते परत रक्तात ओढलं जात नाही, सगळं लघवीत उतरतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यकृतांची अदलाबदल करून हे तपासलं गेलं: डाल्मेशियनला दुसऱ्या कुत्र्याचं यकृत बसवलं की युरिक ॲसिड उतरायचं. आपल्याकडे घरोघर "युरिक ॲसिड वाढलंय" म्हणत डाळी सोडणारे काका असतात. माणसाकडे ते एन्झाइमच उरलेलं नाही, त्यामुळे या बाबतीत डाल्मेशियन कुत्र्यांपेक्षा काकांच्या जवळचा.

लघवीत एवढं युरेट (युरिक ॲसिडचा क्षार) असलं की प्रत्येकाला खडा होतो असं नाही, पण होतो तेव्हा नराचे हाल होतात. कुत्र्याच्या शिश्नात हाड असतं आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे ती रुंदावू शकत नाही. खडा नेमका त्या हाडाच्या मागे येऊन अडकतो. पेरूच्या झाडाशी मोती जे करत होता ते हे.

ट्रिम्बल आणि कीलर यांनी १९३८ मध्ये संकर करून दाखवलं की हा गुण साध्या अप्रभावी पद्धतीने उतरतो: आई आणि बाप दोन्हीकडून जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली तरच दोष दिसतो. म्हणजे एक चांगली प्रत पुरे. प्रश्न असा होता की ती आणायची कुठून? नोंदणीकृत डाल्मेशियनमध्ये चांगली प्रत उरलीच नव्हती. जातीतल्या जातीत कितीही हुशारीने जोड्या लावल्या तरी विहिरीत नाही ते पोहऱ्यात कसं येणार.

रॉबर्ट शेइबल हे जनुकशास्त्रज्ञही होते आणि डाल्मेशियनवालेही. १९७३ मध्ये त्यांनी एक डाल्मेशियन आणि एक चॅम्पियन पॉइंटर यांचा संकर केला. एकदाच. पॉइंटर निवडण्यामागे हिशेब होता: बांधा जवळचा, आणि पांढऱ्यात रंग भरण्याची सवय त्याच्याकडेही होती.

पहिल्या पिढीतली पिल्लं युरिक ॲसिडच्या बाबतीत ठणठणीत निघाली, अपेक्षेप्रमाणे. ठिपके मात्र फसले. बारीक, गर्दीचे, पांढरे केस मिसळलेले. डाल्मेशियनपेक्षा पॉइंटरच्या मिरपुडीकडे झुकणारे. कोणत्याही परीक्षकाने दुरूनच हात जोडले असते. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका क्षण हा आहे. एका संकराने दाखवून दिलं की सुटा, गोल ठिपका ही एका जनुकाची करामत नाही. पांढरेपणाचं जनुक दोघांकडे होतं, रंग भरण्याचं दोघांकडे होतं, तरी ठिपका जमला नाही. डाल्मेशियनकडे आणखी काहीतरी आहे आणि ते अर्धं झालं की ठिपका विस्कटतो.

पुढे शेइबल यांनी दर पिढीला परत डाल्मेशियनशीच जोडी लावली. याचं गणित सोपं आहे. पॉइंटरचा वाटा दर वेळी निम्मा होतो: अर्धा, पाव, आठवा हिस्सा. पाचव्या पिढीत उरतात सुमारे तीन टक्के. त्याच वेळी प्रत्येक वेतात सरासरी निम्म्या पिल्लांना पॉइंटरकडची चांगली प्रत मिळते, निम्म्यांना नाही. म्हणून दर वेताला दोन चाळण्या. आधी लघवी तपासून कमी युरिक ॲसिडवाली पिल्लं बाजूला काढायची, मग त्यांच्यातली चांगल्या ठिपक्यांची पुढे न्यायची. जनुकाची चाचणी तेव्हा नव्हती, सगळा भरवसा लघवीवर. जे कोणी पिल्लाच्या मागे वाटी घेऊन फिरले असतील त्यांना या कामाची किंमत कळेल.

या दुसऱ्या चाळणीतच गोम होती. सुरुवातीच्या पिढ्यांत चांगली प्रत मिळालेल्यांचे ठिपके काहीसे लहान निघायचे. म्हणजे केवळ ठिपक्यांवर निवडत गेलात तर नकळत बिघडलेली प्रत उचलली जाणार. डाल्मेशियनच्या इतिहासात नेमकं हेच घडलं असावं, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. कोणी मुद्दाम मुतखडा निवडला नाही. चांगला ठिपका निवडला, आणि खडा त्याच्या मागून आला.

१९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, पाचव्या पिढीतल्या दोन कुत्र्यांची, स्टॉकलोर स्टिपल्स आणि स्टॉकलोर फोटोफिनिश यांची, डाल्मेशियन म्हणून नोंद केली. मग जातीच्या क्लबातल्या सदस्यांनी गिल्ला केला आणि नोंदणी थांबली. पुढची जवळपास तीस वर्षं ही वंशावळ काही हौशी माणसांनी कागदपत्रांशिवाय, प्रदर्शनाशिवाय जिवंत ठेवली.

विरोध करणारे मूर्ख होते असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. त्यांनी आयुष्य घालवून ठिपका घडवला होता, आणि पहिल्या संकराची पिल्लं काय दिसत होती ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांची भीती निराधार नव्हती, फक्त शिळी झाली होती. तीन टक्क्यांचा पॉइंटर घरात नको म्हणून शंभर टक्के कुत्र्यांना खड्यांचा धोका पत्करायचा, हा हिशेब मला आजही पटत नाही. शुद्ध रक्ताचा अभिमान माणसांतही असाच महागात पडतो, पण तो विषय इथे नको.

कोंडी फुटायला प्रयोगशाळा कामाला आली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डॅनिका बॅनाश यांच्या गटाने बिघाड नेमका कुठे आहे ते २००८ मध्ये दाखवलं: तिसऱ्या गुणसूत्रावरचं एसएलसी२ए९, युरिक ॲसिडची ने-आण करणारं जनुक. तो शोधायला शेइबल यांच्या वंशावळीतलेच कुत्रे उपयोगी पडले, कारण डाल्मेशियनच्या पार्श्वभूमीवर चांगली प्रत फक्त त्यांच्याकडे होती. याच जनुकातला फरक माणसातल्या रक्ताच्या युरिक ॲसिडशीही जोडलेला आहे. आणि पांढरेपणा विसाव्या गुणसूत्रावर, रंगभरणी अडतिसाव्यावर, युरिक ॲसिड तिसऱ्यावर. तीन वेगळ्या ठिकाणच्या गोष्टी एका ठिपक्यापायी एका कुत्र्यात जमा झाल्या.

गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीवर चाचणी होऊ लागल्यावर वाट्या घेऊन फिरणं संपलं. इंग्लंडच्या केनेल क्लबने २०१० च्या सुरुवातीला या वंशावळीतल्या फियोना नावाच्या कुत्रीची नोंद केली. २०११ मध्ये ती क्रफ्ट्स या तिथल्या मोठ्या कुत्राप्रदर्शनाच्या रिंगणात उतरली, आणि तिला "मिश्र" म्हणून नाकं मुरडणारे तिथेही होतेच. त्याच वर्षी अमेरिकेतही दार उघडलं. आज कमी युरिक ॲसिडचा डाल्मेशियन आणि नेहमीचा डाल्मेशियन शेजारी उभे केले तर ठिपके मोजून कोणालाही ओळखता यायचं नाही.

राहिला तो काळा कान. जन्मतः चट्टा असलेला डाल्मेशियन अमेरिकन नियमांनुसार रिंगणातून बाद. ठिपके एकमेकांना चिकटून मोठा डाग झाला तर चालतं, पण त्याचा काठ वेडावाकडा किंवा आत पांढरे केस दिसले पाहिजेत. मला हा नियम सगळ्यात जास्त खुपतो. कारण रंगपेशी फक्त केसांसाठी नसतात. आतल्या कानात, ऐकण्याच्या पेशींना पोसणाऱ्या पातळ थरातही त्या लागतात. तिथे त्या पोचल्या नाहीत तर जन्मानंतर तीनचार आठवड्यांत तो थर सुकतो आणि तो कान कायमचा बंद होतो. जॉर्ज स्ट्रेन यांच्या अमेरिकेतल्या मोजणीत सुमारे २२ टक्के डाल्मेशियन एका कानाने आणि ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघाले. चट्टेवाल्यांत हे प्रमाण कमी, निळ्या डोळ्यांच्यांत जास्त. म्हणजे चट्टा हा पेशी बऱ्यापैकी पोचल्याचा पुरावा, आणि आपण नेमका तोच पुरावा बाद करतो. इथेही निवड ठिपक्यांची, आणि किंमत भलत्याच ठिकाणी.

मित्राच्या आईंनी नववं पिल्लू विकू दिलं नाही. नाव कानू. पाचव्या आठवड्यात त्याच्या मागे स्टीलचं ताट पाडून पाहिलं तेव्हा कानू गर्रकन वळला. पण ताटाने एका कानाचं बहिरेपण कळत नाही, त्याला मेंदूचे संकेत मोजणारी चाचणीच लागते, हे मी मित्राला सांगितलं. त्याची आई म्हणाली, "मला एक कान असला तरी पुरे. मी मोठ्यानेच बोलते." बाकी अंगावर कानूला झकास ठिपके आलेत. मोती आणि डॉली दोघेही जुन्याच वंशाचे, त्यामुळे युरिक ॲसिड नऊच्या नऊ पिल्लांत वडिलोपार्जित आलेलंच आहे.

मोतीला त्याच आठवड्यात पुन्हा नळी घालावी लागली. खडा मागे ढकलून मूत्राशयात नेला आणि नंतर काढला. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं तेव्हा उलगडलं की दर रविवारी मटणाबरोबर पावशेर कलेजी खास मोतीसाठी यायची. युरिक ॲसिडच्या दृष्टीने याहून वाईट खाणं शोधून सापडलं नसतं. आता त्याला अंडं, पनीर, भात मिळतो आणि पाण्याची तीन भांडी तीन कोपऱ्यांत ठेवलेली असतात. कलेजी मात्र अजून रविवारी येते. खाटकाला सांगायचं राहिलंय म्हणे. ती कोपऱ्यावरच्या पांढऱ्याला जाते.